वहिनीचं उत्तर, माझ्या नावावर

मी व्हिडिओ गेममधली मिशनं बनवते. हे मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वडील खुर्चीत ताठ झाले. फौजेत उमेदीची वर्षं काढलेला माणूस. "कितीजण जाणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकच जण, आणि तोही आपल्या घरात गादीवर बसून. त्यानंतर त्यांनी माझ्या कामाची फारशी चौकशी केली नाही. कुणी विचारलं तर "कॉम्प्युटरमधी हाय" एवढं सांगायचे.

आमची कंपनी पुण्यातली, लहानशी. गेम होता दूरच्या ग्रहांवर जाऊन राहिलेल्या माणसांचा. त्यात मारामारी कमी आणि कोडी जास्त. माझं काम असं की एक अडचण उभी करायची, तिच्या आसपास वस्तू आणि माणसं ठेवायची, आणि खेळणाऱ्याला म्हणायचं, आता तुला सुचेल तसं यातून बाहेर पड. अशा मिशनना आम्ही मोकळी मिशनं म्हणायचो. ती मोकळी असतात हे अर्धंच खरं. आम्हाला जेवढी उत्तरं सुचलेली असतात तेवढीच त्यात असतात. खेळणाऱ्याला फक्त वाटत राहतं की हे आपणच शोधलं.

वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीला झालं तेव्हा मी घरून काम करायची परवानगी काढली आणि आठ महिने तासगावजवळच्या आमच्या घरी येऊन राहिले. आई नव्हती. भाऊ द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड बघायचा. घर वहिनीच्या हातात, आणि शेडवर बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवणंही तिच्याच हातात. वहिनी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पुढच्या एका वाडीतली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला वन्सं म्हणून अहो-जाहो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि या चौदा वर्षांत माझं तिच्याशी बोलणं म्हणजे "चहा ठेव" आणि "बाबांनी गोळी घेतली का" यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. हे मी आज लिहिते. तेव्हा मला त्यात काही कमी आहे असं वाटतही नव्हतं.

वरच्या खोलीत माझं टेबल होतं. वहिनी दुपारी चहा घेऊन यायची आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत घटकाभर उभी राहायची. एक दिवस मला गरज पडली. नवीन मिशन जवळजवळ तयार होतं आणि ज्याने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नाही अशा माणसाकडून ते खेळवून बघायचं होतं. बाहेरच्या कुणाला गेम दाखवायचा नाही अशा कागदावर मी सही केलेली होती. पण वहिनी काय, घरातलीच. मी तिच्या हातात कंट्रोलर दिला.

पहिला अर्धा तास ती पडद्यावरच्या माणसाला भिंतींवर आपटत होती. "ह्यो माणूस पिऊन आलाय का काय?" असं म्हणून स्वतःच हसली. मग हात बसला.

मिशन असं होतं. एका गोठलेल्या उपग्रहावर वस्तीचे तीन मोठे घुमट. प्रत्येक घुमटात हवा शुद्ध करणारं एक यंत्र. तिन्ही यंत्रं बिघडलेली आणि दुरुस्तीचे सुटे भाग फक्त एका यंत्रापुरते. आम्ही चार उत्तरं ठेवली होती. कोणता घुमट वाचवायचा ते ठरवा. किंवा आहे ती हवा तिन्ही घुमटांत वाटून सगळ्यांना थोडे थोडे दिवस द्या. किंवा आपल्याच यानाचे भाग काढून बसवा आणि परतीची वाट बंद करून घ्या. चौथं एका जुन्या यंत्रमानवाचं होतं, ते आता सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या उत्तरांत काही ना काही गमवावं लागायचं आणि त्याचा ते मिशन बनवणाऱ्या आम्हा सहा जणांना फार अभिमान होता.

वहिनी यंत्राकडे गेलीच नाही. ती एका घुमटातल्या बाईसमोर उभी राहून एकच बटण दाबत राहिली.

"ही जागची हालत न्हाईत व्हय?"

"नाही. त्यांच्याशी फक्त बोलायचं."

"मग त्यास्नी सांगा की, चला तिकडं. एकाच घरात हवा हाय न्हवं? मग समदी तिथंच बसतील."

मी हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "वहिनी, असं नसतं त्यात."

"का?"

"तशी सोयच नाही केलेली."

"तुमीच म्हणाला, सुचंल तसं करा. मला ह्येच सुचतंय." तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला. तिला राग आलेला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं की एवढी साधी गोष्ट का करता येऊ नये.  आम्ही ती माणसं जमिनीत खिळे ठोकल्यासारखी उभी केली होती. कुणी उठून शेजारी जाईल हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. ती आठ-नऊ वर्षांची असताना वळवाचं वादळ झालं आणि वाडीतल्या दोन घरांचे पत्रे उडून ओढ्यापलीकडे पडले. त्यांचं घर माळवदाचं, जाड मातीच्या छताचं, म्हणून टिकलं. तिचे वडील मुंबईला. आईने दोन्ही घरांतली माणसं बोलावून घेतली. तीन घरांची माणसं आणि वर शेरडं-करडं, सगळी एका खोलीत आठ दिवस. पत्रे उडालेल्या एका घरात एकटी म्हातारी होती, तिला वाडीतली सगळी पोरं आयच म्हणायची. ती यायला तयार नव्हती. शेवटी आली, पण येताना दाराला कुलूप घालून आली.

"वर आभाळ, आन् दाराला कुलूप!" वहिनी म्हणाली. "किल्ली कमरंला. आठ दिवस रोज जाऊन कुलूप वढून बघायची."

त्याच संध्याकाळी मी कंपनीतल्या आमच्या प्रमुखाला लांबलचक मजकूर पाठवला. पाचवं उत्तर. माणसांना राजी करायचं, एका घुमटात आणायचं, आणि त्या गर्दीत त्यांना सांभाळायचं. लगेच फोन आला. तो इतका खूश होता की त्याला बसवत नव्हतं. "हे सुचलं कुठून तुला?"

"गावाकडे डोकं वेगळं चालतं," मी म्हणाले.

यात खोटं काही नाही, असं मी फोन ठेवल्यावर स्वतःला सांगितलं. गाव होतंच. डोकं कुणाचं ते मी फक्त बोलले नव्हते.

पुढचे दोन महिने मी वहिनीला रोज काही ना काही विचारत होते. ती बेदाणा चाळताना मी शेडवर जाऊन बसायची. खोलीत झोपायची जागा कशी ठरली? आधी भांडण कशावरून झालं? कोण काय घेऊन आलं? ती हात चालवत सांगायची. चुलीवरून भांडण झालं. एकाने आपलं अंथरूण दाराजवळ घातलं ते शेवटपर्यंत हलवलं नाही. एका बाईने भिजलेल्या ज्वारीचं पोतं सोबत आणलं आणि त्याचा वास सगळ्या खोलीत भरला. वहिनीला सांगायला आवडायचं. शेडवरच्या बायकांना ती म्हणायची, "आमच्या वन्संना समदं ऐकायचं आसतं." तिला वाटत होतं की इतक्या वर्षांनी नणंद आपल्याशी बोलायला लागली. मी खोलीत परत येऊन सगळं टिपून ठेवायची.

गेममध्ये ती म्हातारी एक वयस्क इंजिनिअर झाली. तिच्या घुमटाचं छत फुटलेलं, तरी ती निघताना दाराला कुलूप घालते, आणि खेळणाऱ्याने वाट पाहिली तर रोज जाऊन ते ओढून बघते. गेम बाहेर आला तेव्हा लोकांनी सगळ्यात जास्त त्या कुलपाबद्दल लिहिलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं लिहीत होती की ती म्हातारी कुलूप लावते तिथे आम्ही थांबलो, आम्हाला पुढे खेळवेना. मी ते वाचायची आणि सुखावायची. खरंच सुखावायची. त्या वेळी लाज वाटत होती असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

गेमच्या शेवटी नावांची यादी वर सरकत जाते. मदत करणाऱ्यांची नावं द्यायला प्रमुखाने सांगितलं होतं. मी चार नावं दिली. वहिनीचं नव्हतं. मनात तो कागद होता, सही केलेला. बाहेरच्या माणसाला गेम दाखवला हे कळलं तर? पण त्याखाली दुसरंही काही होतं. नाव आलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, ह्यांनी काय केलं?

वहिनीने एकदा विचारलं होतं. स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता. "वन्सं, सिनेमागत नावं येत्यात म्हणं शेवटाला. आमचं बी येतं का?"

"कंपनीच्या बाहेरच्यांची नाही घेत गं," मी म्हणाले.

"आसं हाय व्हय," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

वडील चालायला लागल्यावर मी पुण्याला परतले. काही महिन्यांनी तिथे एक कार्यक्रम झाला. वेगळ्या वाटेच्या कामात असलेल्या मराठी बायकांनी आपापली गोष्ट सांगायची, मराठीतूनच. मला बोलावलं. मी चांगली तयारी केली. उभी राहिले, थोडं तांत्रिक बोलले, आणि मग लोक कंटाळताहेत असं दिसलं. समोरच्या रांगेत एक बाई मोबाइल बघत होती. मला तिला परत ओढून आणायचं होतं. आणि माझ्या तोंडून आलं, "मी लहान असताना आमच्या गावात एकदा वादळ झालं."

मी ठरवून गेले नव्हते, एवढं मी शपथेवर सांगू शकते. पण एकदा सुरू झाल्यावर थांबलेही नाही. माळवदाची खोली सांगितली. ज्वारीचं पोतं सांगितलं. म्हातारीपाशी आले तेव्हा तिला माझी आजी करून टाकलं. "माझ्या आजीने छप्पर नसलेल्या घराला कुलूप लावलं," मी म्हणाले आणि आवाज जड झाला. तोही आपोआप. त्या बाईने मोबाइल खाली ठेवला होता. शेवटी टाळ्या झाल्या.

आमचं घर स्लॅबचं आहे. माझ्या जन्माआधीपासून. माझी आजी सांगलीच्या दवाखान्यात वारली आणि तिने आयुष्यात कुठल्याही दाराला कुलूप लावलेलं मला आठवत नाही, कारण घरात कायम कुणीतरी असायचं.

त्या भाषणाचा व्हिडिओ येणार हे मला माहीत होतं. तो घरी बघितला जाईल हे मात्र मनात आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही. पुढच्या सुट्टीला मी घरी गेले. जेवणाआधी भावाने मोठ्या कौतुकाने मोबाइलवरून तो टीव्हीवर लावला. वडील खुर्चीत, भाऊ पलंगावर, मी भिंतीला टेकून. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

"बंद कर, मला लाज वाटते," मी म्हणाले. सगळ्यांना वाटलं की कौतुकाने लाजतेय.

टीव्हीवर मी बोलत होते. वादळ आलं. मी वहिनीकडे बघू शकले नाही. नखाने लसणाचं साल सोलल्याचा बारीक आवाज येत होता, तो थांबला एवढं कळलं. पत्रे उडाले. पोतं आलं. आजी आली. टाळ्या झाल्या आणि भावानेही दोन टाळ्या वाजवल्या.

वडील विचारात पडले होते. "आपल्याकडं कवा गं उडालं पत्रं?" ते मला म्हणाले. त्यांच्या आवाजात संशय नव्हता. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते.

मी उठून टीव्ही बंद केला. 

"उडालं आसतील, मामंजी," उंबऱ्यातून वहिनी म्हणाली. "तुमी तवा लष्करात हुता."

"व्हय, ते बी खरंच," वडील म्हणाले.

तिने लसणाची ताटली उचलली आणि ती आत गेली. मला त्या क्षणी वाटलं की तिने सगळ्यांदेखत खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी चिडले असते, भांडले असते, काहीतरी करायला मिळालं असतं. तिने मला झाकलं. माझ्या वडिलांसमोर, माझ्या घरात, माझ्या खोट्यावर तिने आपला पदर घातला. नंतर ताटं वाढली, मला आग्रहाने दुसरी भाकरीही वाढली. ती भाकरी मी कशी खाल्ली ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर गेले. बायका अजून यायच्या होत्या. ती चाळण्या मांडत होती.

"वहिनी, कालचं..."

"ऱ्हाऊ द्या वन्सं."

"नाही, मला बोलू दे. मी चुकले."

तिने चाळणी खाली ठेवली.  मग म्हणाली, "गेममधी घातलं त्याचं मला काय न्हाई. लय आवडलं व्हतं मला. मी तर म्हायेरी फोन करून सांगितलं, आपली खोली घातली म्हणून. पर आयला तुमी तुमची आजी केली. तिला सोताचं असं कुणीबी न्हवतं, वन्सं. पोरगं मुंबैला गेलं ते आलंच न्हाई. ती आमची व्हती."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं, जवळ आली नाही. बायकांचा आवाज रस्त्यावरून येऊ लागला तेव्हा म्हणाली, "तोंड पुसा. बायका आल्या."

पुण्याला जाऊन मी प्रमुखाला सगळं सांगितलं. कागदाचं, वहिनीचं, भाषणाचं. नोकरी जाईल या तयारीने गेले होते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं मग नाव घालू की यादीत. पुढच्या अपडेटला जाईल. घरच्या माणसाने खेळून बघितलं त्यात काय एवढं?" म्हणजे ज्या भीतीच्या आड मी वर्षभर उभी होते, ती एवढीशी होती. भाषणाबद्दल तो म्हणाला की लोक व्यासपीठावर थोडं इकडचं तिकडे करतातच. मला त्याचं पटावं असं फार वाटलं, म्हणूनच मी ते पटवून घेतलं नाही. कार्यक्रमवाल्यांना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला लावला. का, ते त्यांना सांगितलं. पलीकडच्या बाईंचा आवाज एकदम कोरडा झाला. तो कोरडा आवाज मला योग्य वाटला.

नाव कसं लिहायचं म्हणून मी वहिनीला फोन केला.  "आदीचं लिवा," ती म्हणाली. मला कळलंच नाही. लग्नात आमच्या घराने तिचं नाव बदललं होतं. मी त्या मांडवात होते, ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं जाताना जवळ उभी होते, आणि जुनं काय होतं ते चौदा-पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. मी एकेक अक्षर विचारून घेतलं, एखाद्या परक्या माणसाचं घ्यावं तसं.

त्या उन्हाळ्यात तिच्या माहेरी भावाच्या मुलाचं बारसं होतं. माझ्या भावाला बागेतून सुटका नव्हती. मीच म्हटलं, मी येते. तासगावहून एसटीने निघून दोन ठिकाणी गाड्या बदलत दहिवडी गाठली. तिथून जीपने वाडी. वाडीत म्हातारी माणसं आणि बायकाच जास्त, कर्ते पुरुष मुंबईला. वहिनीच्या आईने माझे दोन्ही हात धरले. "आमचं घर घातलं म्हणं तुमी त्या खेळात! लई उपकार बगा." ती मला खोली दाखवायला घेऊन गेली. आता तिथे कडबा होता. एवढीशी खोली. मी गेममध्ये ती तिप्पट मोठी केली होती.

"मावशी," मी म्हणाले, "मी लोकांना सांगितलं की ही गोष्ट माझी आहे. माझ्या आजीची. मी खोटं सांगितलं."

वहिनी दारात होती. आईने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि हसून म्हणाली, "आवं, लेकीची नणंद म्हंजी आमचीच की. तुमची काय न् आमची काय!" आणि निघताना माझ्या हातात कापड आणि नारळ दिला. मी नको म्हणू शकले नाही. तिच्याकडून माफी इतक्या सहज आली की ती मला घेताच आली नाही.  परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसली आणि माण तालुका संपेपर्यंत माळाकडे बघत राहिली. मध्ये एकदा तिने पिशवीतून शेंगा काढून अर्ध्या माझ्या ओंजळीत दिल्या.

तिचं नाव आता यादीत आहे. मी तिला पडद्यावर दाखवलं. तिने वाचलं, बोट लावून, पुरं. "चांगलं दिसतंय," म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून खाली गेली.

आमचं बोलणं थांबलेलं नाही. ती मला वन्सं म्हणते, खुशाली विचारते, पुण्याला बेदाण्याचा डबा पाठवते. पण गेल्या महिन्यात मी नवं मिशन घेऊन घरी गेले होते. एका ग्रहावर पाण्याखालच्या दोन वस्त्या आणि मधे बंद दरवाजा. मी अडचण सांगितली आणि विचारलं, तू काय केलं असतंस? तिने पडद्याकडे नीट पाहिलं. तिला काहीतरी सुचलं होतं. तिचा चेहरा मला आता तेवढा वाचता येतो. ओठ हलले, मग मिटले.

"तुमाला जास्त कळतं त्यातलं," ती म्हणाली. "तुमचं बरोबर आसंल."

मी पुन्हा विचारलं नाही. विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे.